पाचव्या मुलाची सरासरी आधी बघा

जालन्याहून एका वडिलांनी विचारलंय. मुलगा 17 वर्षांचा, यंदा बारावी, सहा वर्षं गोल्फ खेळतोय, हॅंडिकॅप 1 (हा आकडा जितका कमी तितका खेळ चांगला). अमेरिकेतल्या दोन कॉलेजांच्या कोचचे मेल आलेत. एक डिव्हिजन वनचं, म्हणजे कॉलेज खेळांतल्या सगळ्यात वरच्या पातळीचं: वर्षाचा खर्च 48,000 डॉलर, त्यात 30 टक्के शिष्यवृत्ती. दुसरं डिव्हिजन टूचं, म्हणजे त्याखालच्या पातळीचं: खर्च 32,000, शिष्यवृत्ती 70 टक्के. मुलगा म्हणतो, गेलो तर डिव्हिजन वनलाच, नाहीतर इथंच पीजीटीआयच्या (भारतातल्या व्यावसायिक टूरच्या) क्यू-स्कूलला, म्हणजे पात्रता स्पर्धेला बसतो. वडिलांचा प्रश्न असा: "कॉलेजात नाव काढलेलं पोरगं पुढं प्रो म्हणून टिकतंच का? आणि डिव्हिजन टूला पाठवलं तर पैसे वाचवायच्या नादात लेकराचं नुकसान तर नाही ना होणार?"

भाऊ, शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो. नाही होणार. उलट तुम्ही पाठवलेले आकडे बघून मला पहिल्या कॉलेजचीच जास्त काळजी वाटते. का, ते सांगायला जरा लांबून यावं लागेल.

मी कॉलेजचं तोंड पाहिलेलं नाही. अकराव्या वर्षी लष्कराच्या मैदानावर साहेबांच्या बॅगा उचलायला लागलो, पुढं पुण्यात एका कोचच्या हाताखाली राहिलो, आणि आता बावीस वर्षं संभाजीनगरात मुलांना शिकवतोय. माझ्याकडची चार मुलं अमेरिकेत कॉलेज गोल्फ खेळून आली. त्यांतलं एकही तुम्हाला टीव्हीवर दिसणार नाही. म्हणजे मी यशाचा फॉर्म्युला विकणारा माणूस नाही, हे आधी लक्षात घ्या.

लातूर पॅटर्न बघत वाढलेल्या आपल्या डोक्यात एक गणित पक्कं बसलंय: रँक लागली की सीट मिळते. गोल्फचं तसं नाही. पीजीए टूरवरचा खेळाडू साहिथ थिगाला, हे नाव मुलाला माहीत असेलच. आईवडील मूळचे हैदराबादकडचे, मुलगा जन्मला-वाढला कॅलिफोर्नियात. पेपरडाइन विद्यापीठाकडून खेळला. मनगटाच्या शस्त्रक्रियेमुळं 2018-19 चा अख्खा मोसम घरी बसला. परत आला आणि 2020 मध्ये हॅस्किन्स, बेन होगन आणि जॅक निकलस असे कॉलेज गोल्फचे तिन्ही मोठे पुरस्कार एकाच वर्षी घेऊन गेला. आपल्या भाषेत बोर्डात पहिला. पण त्या वर्षी कोविडमुळं मोसम अर्ध्यातच बंद पडला, राष्ट्रीय स्पर्धा झालीच नाही, आणि देशातल्या पहिल्या नंबरच्या कॉलेज खेळाडूच्या हातात पीजीए टूरचं, म्हणजे अमेरिकेतल्या सगळ्यात मोठ्या व्यावसायिक टूरवर खेळायचं, कार्ड नव्हतं. तशी सोयच नव्हती. कॉलेजातल्या वरच्या मुलांना टूरवर जागा देणारी पीजीए टूर युनिव्हर्सिटी नावाची योजना त्याच उन्हाळ्यात जाहीर झाली आणि पुढच्या, म्हणजे 2021 च्या बॅचपासून लागू झाली. याची गाडी एका वर्षानं चुकली. मग छोट्या टूर, कुणी आयोजकानं बोलावलं तर एखादी मोठी स्पर्धा, असं करत करत 2021 मध्ये कोर्न फेरीच्या (पीजीए टूरच्या खालच्या टूरच्या) शेवटच्या स्पर्धांतून त्यानं कार्ड मिळवलं.

कार्ड मिळालं म्हणून विजय लगेच मिळत नाही. फेब्रुवारी 2022, फीनिक्स. शेवटच्या दिवशी आघाडीच्या झगड्यात होता. सतराव्या होलचा टी-शॉट उसळून डावीकडं पाण्यात गेला, एका फटक्यानं प्लेऑफ हुकला. त्याच वर्षी जूनमध्ये ट्रॅव्हलर्स स्पर्धेत अठराव्या टीवर एका फटक्यानं पुढं. चेंडू फेअरवेच्या बंकरमध्ये. पहिल्या फटक्यात बाहेरच आला नाही. डबल बोगी, म्हणजे त्या होलला ठरलेल्यापेक्षा दोन फटके जास्त, आणि स्पर्धा झँडर शॉफलेची. पहिला विजय आला सप्टेंबर 2023 मध्ये, नापाला. तीन पुरस्कारांनंतर तीन वर्षांनी, आणि तोही एवढ्या ताकदीच्या खेळाडूला.

मुलाला हे दोन शेवट यूट्यूबवर दाखवा. स्विंग बघू नको म्हणावं, हरल्यावर चेहरा बघ. हरायचं कसं, हे कॉलेजात शिकायला मिळतं. तिथं दर आठ-पंधरा दिवसांनी हरता येतं आणि त्याचं बिल बापाच्या खिशातून जात नाही. विमान, हॉटेल, मैदानाची फी, जेवण सगळं कॉलेज भरतं. इथं प्रो झालेलं पोरगं कट चुकलं, म्हणजे अर्ध्या स्पर्धेतच बाहेर पडलं, की त्याच रात्री स्लीपर क्लासनं परत येतं, आणि पुढच्या आठवड्याच्या एंट्रीचे पैसे कुणाकडं मागायचे याचा हिशेब करतं. त्या हिशेबात पटिंग (ग्रीनवर चेंडू होलात ढकलणं) बिघडतं. मी बघितलंय.

आता मुलाच्या डोक्यात जे भरलंय ते सांगतो. पीजीए टूर युनिव्हर्सिटीच्या यादीत पहिला आलेल्याला 2023 पासून थेट पीजीए टूरचं कार्ड मिळतं. पहिला मान लुडविग ओबर्गला, टेक्सास टेकचा स्वीडिश मुलगा. जूनमध्ये कॉलेज सुटलं, सप्टेंबरअखेर तो रोमला रायडर कप खेळत होता. यादीतल्या दुसऱ्यापासून दहाव्यापर्यंतच्यांना कोर्न फेरी टूर, त्याखालच्या पंचविसाव्यापर्यंतच्यांना आणखी खालची पीजीए टूर अमेरिकाज. आणि ही यादी फक्त डिव्हिजन वनच्या शेवटच्या वर्षांतल्या मुलांची असते. म्हणून पोरगं म्हणतंय, डिव्हिजन वनच. त्याचं बोलणं चूक नाही. पण भाऊ, सगळ्या देशातून, आणि आता जगभरातून आलेल्या मुलांतून पंचवीस. तुमच्या मुलानं गेल्या वर्षातली बाहेरच्या मैदानांवरची दहा कार्डं पाठवलीत. घरच्या मैदानावर तो 70-71 फटक्यांत खेळतो, बाहेर सरासरी 74.8; गोल्फमध्ये आकडा कमी तेवढा चांगला. चांगली आहे. सतरा वर्षांच्या, जालन्याहून ये-जा करून शिकलेल्या मुलासाठी फारच चांगली आहे. पण त्या यादीतली मुलं 70 च्या आसपास खेळतात, तेही सात हजार यार्डांच्या वरच्या मैदानांवर.

दुसरं टोक अक्षय भाटिया या अमेरिकन खेळाडूचं. तो कॉलेजला गेलाच नाही, 2019 मध्ये सतराव्या वर्षी प्रो झाला, 2023 मध्ये पीजीए टूरवर पहिली स्पर्धा जिंकला, 2024 मध्ये टेक्सास ओपन. तुमचा मुलगा त्याचं नाव घेणार हे मला माहीत आहे. त्याला एवढंच विचारा, भाटिया सोळाव्या वर्षी अमेरिकेतल्या ज्युनियरांत कितवा होता? तो तेव्हाच वर होता. त्याचा रस्ता त्याच्या ताकदीवर उभा होता. आपण रस्ता तेवढा उचलतो, ताकद तिथंच ठेवून येतो.

आता कॉलेज गोल्फ चालतं कसं, कारण मेलमध्ये कोच हे सांगत नाहीत. संघात आठ-दहा मुलं. स्पर्धेला जातात पाच. पाच खेळतात, रोजचे चांगले चार स्कोअर धरतात. बहुतेक स्पर्धा 54 होलच्या, आणि पुष्कळदा पहिल्याच दिवशी 36 होल, बॅग स्वतःची स्वतः वाहून. मोसमात सरावाला आठवड्याला 20 तासांची मर्यादा, बाकी वेळ वर्ग आणि अभ्यास. ग्रेड पडले की खेळायला बंदी. आणि स्पर्धेआधी संघातच क्वालिफाइंग होतं, पाचांत यायला आपल्याच रूममेटला हरवायचं. जो सहावा, तो घरी. सहावा मुलगा फुकटात हरण्याचं शिक्षणसुद्धा घेत नाही, तो नुसता वर्गात बसतो.

म्हणून माझा एकच आग्रह असतो. कॉलेजचं नाव, डिव्हिजन, जिमचे फोटो हे सगळं बाजूला ठेवा आणि त्या संघाच्या पाचव्या मुलाची सरासरी काढा. हे गुपित नाही. प्रत्येक स्पर्धेचे स्कोअर, खेळाडूंच्या नावानिशी, इंटरनेटवर असतात. मी काल रात्री बसून तुमच्या दोन्ही कॉलेजांचे गेल्या मोसमाचे काढले. पहिल्या कॉलेजचा पाचवा मुलगा 72.3, आठवा 73.9. दुसऱ्या कॉलेजचा पाचवा 74.9. आता 74.8 हा आकडा घ्या आणि दोन्हीकडं ठेवून बघा. पहिल्या ठिकाणी तुमचं लेकरू आठव्याच्याही मागं. दुसऱ्या ठिकाणी पहिल्याच मोसमात विमानात बसायची शक्यता. शिवाय पहिल्या संघातलं शेवटच्या वर्षाचं एकच पोरगं जाणार आहे, म्हणजे पुढच्या वर्षीही जागा मोकळी होत नाही.

30 टक्क्यांचा अर्थही समजून घ्या. डिव्हिजन वनच्या पुरुष संघाला वर्षानुवर्षं साडेचार शिष्यवृत्त्यांची मर्यादा होती, त्या आठ-दहा जणांत वाटायच्या. 2025 पासून, कोर्टातल्या तडजोडीत सामील झालेल्या कॉलेजांत ती मर्यादा गेली, पण संघ नऊ जणांचा ठरला. म्हणजे कोचच्या हातात पैसे जास्त आणि खुर्च्या मोजक्या. अशा वेळी जो कोच फक्त 30 टक्के देतो, त्यानं तुमच्या मुलाला कितवा धरलंय हे त्यानं आकड्यातच सांगितलं. राग मानू नका, त्याचा तो धंदा आहे. तुमच्या खिशाचं बोलायचं तर पहिल्याकडं वर्षाला 33,600 डॉलर भरायचे, दुसऱ्याकडं 9,600. चार वर्षांत 96,000 डॉलरचा फरक, रुपयांत 80 लाखांच्या वर. तुमची मोसंबीची बाग विकायची भाषा मेलमध्ये होती. ती भाषा काढून टाका.

डिव्हिजन टू म्हणजे कमी दर्जा, ही समजूत अमेरिकेतही आहे आणि ती निम्मी खरी आहे. मैदानं साधी, स्पर्धा छोट्या, प्रवास बसनं. पण आपला गोल्फपटू जीव मिल्खा सिंग कुठं शिकला? टेक्सासच्या ॲबिलीन ख्रिश्चन विद्यापीठात, तेव्हा ते डिव्हिजन टूमध्ये होतं. 1993 ची डिव्हिजन टूची वैयक्तिक राष्ट्रीय स्पर्धा त्यानं जिंकली, प्रो झाला, आणि 2006 मध्ये स्पेनमधल्या वाल्देरामाला व्होल्वो मास्टर्स जिंकली. अर्जुन अटवाल न्यूयॉर्कजवळच्या एका कम्युनिटी कॉलेजात होता. 2010 मध्ये सोमवारच्या पात्रता फेरीतून आत शिरून त्यानं पीजीए टूरची विंडहॅम स्पर्धा जिंकली आणि पीजीए टूरवर जिंकणारा पहिला भारतीय ठरला. आणि डिव्हिजन टूमध्ये दोन वर्षं पाचांत खेळून सरासरी 72 वर आणली तर डिव्हिजन वनचा दरवाजा ट्रान्स्फरनं उघडतो. माझ्याकडच्या चारांपैकी एकानं तेच केलं. दुसरा थेट मोठ्या नावाच्या कॉलेजात गेला, पहिल्या मोसमात एकही स्पर्धा खेळला नाही. मला फोन करायचा तेव्हा इथं पहाटेचे तीन वाजलेले असायचे. गोल्फचं बोलायचाच नाही. आईनं भाजलेल्या शेंगदाण्याची चटणी पाठवली का, एवढंच. दुसऱ्या वर्षी परत आला. त्या पोराचा वेजवर (जवळच्या फटक्याच्या काठीवर) जो हात होता तसा मी पुन्हा बघितला नाही.

आता आपल्या बाजूची खोट, जी कुठल्याच कोचच्या मेलमध्ये येणार नाही. मी ज्या मैदानावर कॅडी म्हणून वाढलो तिथं ग्रीन, म्हणजे होलभोवतीची बारीक कापलेली हिरवळ, नव्हते, ब्राउन होते. तुमच्या मुलाच्या पिढीनं पाहिले नसतील. बारीक चाळलेली वाळू, त्यात गाडीचं जळकं ऑइल कालवायचं, म्हणजे वारा आला तरी उडत नाही. पट करायच्या आधी कॅडीनं चेंडूपासून होलपर्यंत फळी ओढून रेघ साफ करायची. चेंडू त्या रेघेवरनं रुळावरच्या डब्यासारखा जातो. वळण नाही, उतार नाही, गवताची दिशा नाही. हात सोन्याचे होतात, डोळे आंधळे राहतात. पुण्याला पहिल्यांदा खऱ्या ग्रीनवर वीस फुटांचा पट मारला तेव्हा चेंडू होलच्या चार फूट खाली जाऊन थांबला आणि साहेब हसले. मराठवाड्यात पाण्याचं काय ते तुम्हाला मी सांगायला नको. 2016 च्या उन्हाळ्यात मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी येत होतं, त्या दिवसांत मी गोल्फ शिकवतो हे पाहुण्यांत सांगायची लाज वाटायची. आजही आपल्याकडं हिरवळ असली तरी ती हळू, जाड पात्याची. तुमचा मुलगा बाहेर चार फटके जास्त खेळतो ते ड्रायव्हरमुळं, लांब मारायच्या काठीमुळं, नाही. त्याची कार्डं मी होल-होल बघितली. दहा राउंडमध्ये 31 वेळा तीन पट, म्हणजे ग्रीनवर आल्यावर तीन फटके. घरी हे होत नाही कारण तिथले उतार त्याला पाठ आहेत.

ही खोट भरून निघते. जाण्याआधीचे सहा महिने महिन्यातून दोनदा पुण्याला न्या, येरवड्याला किंवा बावधनकडं, जिथं प्रवेश मिळेल तिथं. राउंड खेळू नका. फक्त ग्रीनवर चार तास. चेंडू सोडायच्या आधी त्यानं बोटानं दाखवायचं, कुठं वळेल. चुकला तरी दाखवायचं. तीन पट निम्म्यावर आले की सरासरी 73 वर येते, आणि मग दुसऱ्या कॉलेजात तो पाचवा नाही, तिसरा असतो.

पीजीटीआयचं. तो रस्ता खोटा नाही, आणि मला कॅडीच्या पोरांचा अभिमान आहे. एसएसपी चौरासिया कोलकात्याच्या रॉयल कलकत्ता क्लबातल्या माळ्याचा मुलगा, 2008 ची इंडियन मास्टर्स जिंकला. महूच्या ओम प्रकाश चौहाननं 2023 मध्ये पीजीटीआयच्या गुणयादीत पहिला येऊन डीपी वर्ल्ड टूरचं, म्हणजे युरोपच्या मोठ्या टूरचं, कार्ड घेतलं. पुण्याचा उदयन माने टोकियो ऑलिंपिक खेळला. पण या टूरवर तळाच्या तीस जणांचं काय चालतं ते मी जवळून बघतो. कट पार करूनही मिळतं ते प्रवास, कॅडी आणि खोलीभाड्यात जातं. आणि एक गोष्ट परत फिरवता येत नाही: प्रो म्हणून खेळलं की कॉलेज गोल्फ बंद. कॉलेज करून चार वर्षांनी, बाविसाव्या वर्षी, हातात पदवी घेऊन पीजीटीआयच्या क्यू-स्कूलला बसता येतंच. उलटं होत नाही. त्यामुळं "कॉलेज नाहीतर क्यू-स्कूल" ही निवड आज करायची गरजच नाही. हौशी म्हणून एखादी पीजीटीआय स्पर्धा खेळायची संधी मिळाली तर जरूर खेळवा, पण आधी कॉलेजच्या नियम बघणाऱ्या ऑफिसला लेखी विचारा आणि उत्तर जपून ठेवा. बारावीनंतर "एक वर्ष नुसता सराव" असलं काही करू नका, पात्रतेची वर्षं त्यात कापली जाऊ शकतात.

एजंटबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, तरी सांगतो. माझ्या एका विद्यार्थ्याच्या घरच्यांनी एकाला अडीच लाख दिले. त्यानं केलं काय, तर एकच व्हिडिओ शेकडो कोचना एकाच मजकुरानं पाठवला. दोन ठिकाणी तर कोचचं नावही बदललं नव्हतं. तुमच्या मुलानं स्वतः मेल लिहिले म्हणूनच त्याला उत्तरं आली. कोच तीन ओळी वाचतो: कुठल्या मैदानावर, किती यार्ड, किती स्कोअर. व्हिडिओत समोरून आणि मागून दोन स्विंग पुरतात. गाणी लावू नका.

एक राहिलं. 2024 च्या टूर चॅम्पियनशिपमध्ये थिगालाच्या बॅकस्विंगला बंकरमधली वाळू किंचित लागली. कुणी पाहिलं नव्हतं. त्यानं स्वतः सांगून दोन फटक्यांचा दंड घेतला. तुमच्या मुलानं पाठवलेल्या दहा कार्डांत एकावर नवव्या होलला 5 खोडून 6 केलेत आणि शेजारी बारीक अक्षरात लिहिलंय, "बॉल हलला." तेच कार्ड दुसऱ्या कोचला स्कॅन करून पाठवा, मेलमध्ये त्या खाडाखोडीबद्दल काही न लिहिता.

आणि पाठवताना त्या कोचला दोनच गोष्टी विचारा. पुढच्या मोसमात शेवटच्या वर्षाची किती मुलं जातायत, आणि क्वालिफाइंग किती राउंडचं असतं. उत्तर आलं की मला कळवा. रविवारी सकाळी सातला मी मैदानावर असतो, मुलाला पटर घेऊन या. ड्रायव्हर गाडीतच राहू द्या.